कंस मोजून पाठव

इंदिरानगर, नाशिक
१४ ऑगस्ट १९८५

सगुणा,

माझं सगळं बदललं ते काल, मंगळवारी, दुपारी पावणेदोनला. पोस्टमन आला तेव्हा बाबा जेवून हात धूत होते. पाकीट त्यांनीच फोडलं. मी कॉलेज सोडल्यापासून माझ्या नावाची पाकिटं फोडायचा हक्क त्यांनी स्वतःकडे घेतलाय. आतून हिरव्या पट्ट्यांचा, दोन्ही कडांना भोकं असलेला हातभर कागद निघाला. बाबा म्हणाले, "हे काय, लॉटरीचा निकाल?" मी हिसकावलाच.

एवढ्या मोठ्या कागदावर एकच शब्द. गंगा.

तू म्हणाली होतीस, कुठल्याही तीन गोष्टींची यादी दे आणि आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरला, म्हणजे मशीनला, पहिली कुठली ते विचार. मी आपल्या गोदावरीकाठची नावं, गंगा, रामकुंड, भाजीबाजार, लिहून पाठवली. आमच्या जेवणाच्या टेबलावर पेन्सिलीने लिहिलेलं मुंबईच्या मशीनने वाचलं आणि मला उत्तर दिलं. मला! बी.एस्सी.च्या तीन वर्षांत मी काहीही विचारलं तरी 'खाली बस' एवढंच ऐकलं. तुला माहितीच आहे, आपल्या वर्गातच होतीस. ज्या दिवशी मी सरांच्या टेबलावर जर्नल आपटून बाहेर पडलो, त्या दिवशी वर्गात तू एकटीच हसली नव्हतीस.

मेळा बसस्टँडवर मुंबईला निघताना तू बजावलं होतंस, "शिकायचं असेल तर लिही. रडगाणं लिहिणार असशील तर स्टँपचे पैसे वाचव." तर हे रडगाणं नाही. मला मशीनशी बोलायची तुझी ही लिस्प भाषा शिकायची आहे. सगळी.

गोरक्ष

ता. क. कागद मी उशाखाली ठेवलाय. हसू नकोस.


मुंबई
२२ ऑगस्ट १९८५

गोरक्ष,

हसले.

आता ऐक. तुझ्या दोन ओळींत तू तीन कंस उघडलेस आणि एक बंद केलास. उरलेले दोन मी घातले, म्हणून तुला गंगा मिळाली. नाहीतर मशीन नुसतं वाट बघत बसलं असतं. कंस उघडा राहिला की त्याला वाटतं, माणसाचं बोलणं अजून संपलेलं नाही. ते भांडत नाही, ओरडत नाही, वाट बघतं. यापुढे कंस मोजून पाठव.

धडा पहिला. लिस्पमध्ये सगळं यादीत असतं. 'कार' म्हटलं की यादीतलं पहिलं मिळतं, 'कुडर' म्हटलं की पहिलं सोडून उरलेलं सगळं. मशीनला इंग्रजी अक्षरंच कळतात, पण तुला लिहिताना मी मराठीत लिहीन. यादी आतून आगगाडीसारखी असते. प्रत्येक डब्यात एक नाव, आणि पुढचा डबा कुठे आहे त्याचा पत्ता. मधला एक पत्ता पुसला तर पुढचे सगळे डबे असतात, पण त्यांच्यापर्यंत जायची वाट उरत नाही.

इथली पद्धतही सांगते. जेवणाच्या सुट्टीत टर्मिनल मोकळं असतं तेव्हा मी तुझं टाइप करते. छापलेला कागद प्रिंटरच्या खोलीत निघतो आणि ऑपरेटर तो माझ्या नावाच्या खणात टाकतात. खणांना दारं नाहीत. येता-जाता कोणीही वाचतं. तेव्हा डोकं ठिकाणावर ठेवून लिही.

आणि एक. पुढच्या जूनमध्ये आमच्याकडे आठ शिकाऊ मुलं घेणार आहेत. पदवी लागणार नाही, स्वतः लिहिलेला एक धड चालणारा प्रोग्रॅम दाखवायचा आणि समोर बसून परीक्षा द्यायची. तुझ्या बाबांना हे सांग. किंवा नको, आधी कंस शिक.

सगुणा थेटे


नाशिक
९ सप्टेंबर १९८५

सगुणा,

मला नोकरी लागली. हसणार असशील तर आत्ताच हस.

पंचवटीत त्र्यंबकगुरुजी म्हणून तीर्थोपाध्ये आहेत. जिल्हाभरातली माणसं रामकुंडावर विधीला येतात, तेव्हा त्यांच्या घराण्याच्या पानावर गुरुजी लिहून घेतात, कोण आलं, कशासाठी, मुलगे कोण, सुना कोण. दीडशे वर्षांच्या वह्या आहेत. हात लावला की कडा गळून पडतात. त्या नव्या वहीत उतरवायच्या. कच्च्या चिठ्ठ्यांवरच्या नव्या नोंदी पण मीच चढवायच्या. 'अक्षर बरं आहे' एवढ्या एका गुणावर मला घेतलंय. बाबा आईला म्हणाले, "इंजिन बनवायला पाठवला होता, भटाचा कारकून झाला." मी ताटावरून उठलो. आईने नेहमीसारखं ताट झाकून ठेवलं.

पहिल्याच दिवशी वाजलं. गुरुजी चष्म्यातून बघत म्हणाले, "या ओळीत एक बाई राहिली."

"डाग पडलाय तिच्यावर. वाचता येत नाही. चार सुनांतली एक, काय बिघडतं?"

"काय बिघडतं? शहाण्या, तिच्या पोटी पुढची सगळी पोरं आहेत. शंभर वर्षांनी कोणीतरी या दारात उभा राहील आणि विचारील, माझी माणसं कुठली? तू बाई गाळलीस, मी काय सांगू त्याला? तुझं नाव सांगू?"

मी भांडणार होतो. पण एकदम तुझी आगगाडी आठवली. सगुणा, ही वही म्हणजे यादीच आहे! माणूस, त्याचा बाप, बापाचा बाप. मी दोन रात्री जागून प्रोग्रॅम लिहिलाय, सोबत आहे. नाव 'पूर्वज'. त्याला एक माणूस द्यायचा. तो माणसाचं नाव यादीत टाकतो, मग हेच काम त्याच्या बापाला सांगतो. बाप आपलं नाव टाकतो आणि आजोबाला सांगतो. एकच नियम, पुन्हा पुन्हा स्वतःलाच बोलावणारा. पुढे दोन माणसांचे पूर्वज ताडून त्यांचं नातं शोधायचं. दाखवायला हाच प्रोग्रॅम नेईन.

नमुन्याला आमचंच घराणं दिलंय. मी, बाबा झुंबर, आजोबा सावळीराम, आजी लंकाबाई.

चांदोरीच्या थेट्यांचं पानही काढून पाहिलं. तुझे आजोबा आहेत, वडील, भाऊ, दोन्ही वहिन्या. तू नाहीस. विचारलं तर गुरुजी म्हणाले, "लेकी माहेरच्या पानावर नसतात रे. सासरच्या पानावर सापडतात." म्हणजे आज तू कुठल्याच पानावर नाहीस. मला ते बघवेना. शेवटून दुसरी ओळ बघ. तिथे मी तुला घातलंय.

कंस मोजलेत. दोनदा.

गोरक्ष


मुंबई
२५ सप्टेंबर १९८५

गोरक्ष,

तुला डोकं ठिकाणावर ठेवून लिही म्हटलं होतं.

तुझा कागद मी न वाचता टाइप केला. सुट्टीची वीसच मिनिटं उरली होती. तुझा 'पूर्वज' सुरू झाला आणि थांबेचना. सावळीरामच्या पुढे बाप सापडला नाही, तर तुझा नियम रिकाम्या जागेलाच विचारायला लागला, तुझा बाप कोण? आणि त्याचा बाप कोण? मशीनची सगळी जागा भरली, तेरा जणांची कामं अडकली. ऑपरेटर मोठमोठ्याने विचारत बाहेर आले, "हे कोणाचं बाळ?" आणि कागद सगळ्यांसमोर धरला. वर तुझी सगळी यादी छापलेली. (बायको गोरक्ष सगुणा). स्वच्छ, ठसठशीत, कंसांसकट. या वेळी नेमके बरोबर होते.

टाळ्या वाजल्या. आमच्या प्रमुखांनी बोलावून विचारलं, "हे मिस्टर गोरक्ष कोण?" मी म्हटलं, गाववाला. त्यांनी एक महिना सुट्टीतलं टर्मिनल बंद केलं. आमच्या चांदोरीचाच एक जण वरच्या मजल्यावर हिशेब खात्यात आहे. तोही वाचून गेला.

स्वतःला बोलावणारा नियम लिहिताना आधी थांबायचं कुठे ते लिहायचं. मग बाकीचं. बाप सापडला नाही तर रिकामी यादी दे आणि थांब, एवढी एकच ओळ. तू ती लिहिली नाहीस. तू कधीच लिहीत नाहीस.

दुरुस्त करून पाठव. नमुन्याला दुसरं कुठलंही घराणं घे.

सगुणा थेटे


नाशिक
२ ऑक्टोबर १९८५

सगुणा,

चुकलो. थांबायची ओळ घातली, सोबत आहे. ती बायकोची ओळ काढली. म्हणजे कागदावरून काढली.

आता सरळ विचारतो, लिस्पमध्ये नाही. जूनमध्ये मी त्या आठात आलो तर तू तोपर्यंत थांबशील का? तुझ्या वडिलांसमोर येऊन उभा राहीन. ते काय बोलतील ते ऐकून घेईन. शप्पथ, काही आपटणार नाही.

हो किंवा नाही लिही. तुझं मशीनसुद्धा तेवढं सांगतं.

गोरक्ष


मुंबई
१८ जानेवारी १९८६

गोरक्ष,

उशीर झाला. दिवाळीला घरी गेले, नंतर पुन्हा डिसेंबरात जावं लागलं, इथेही काम साचलं होतं. तुझी चारही पत्रं मिळाली. चारही.

तुझा 'पूर्वज' आता थांबतो. मी तो सात नावांवर चालवून बघितला, बरोबर आहे. प्रमुखांनाही दाखवला. ते म्हणाले, कॉलेज सोडलेल्या मुलाने हे कागदावर लिहिलंय? त्यांना खरं वाटेना.

पुढचा धडा सोबत आहे, दोन याद्यांतलं समान नाव कसं शोधायचं. घाई करू नकोस. नमुना मोठा घे, दोनशे नावं तरी हवीत. अर्जाचा फॉर्म मार्चमध्ये पाठवते.

यापुढे पत्रं ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. हॉस्टेल सोडलंय.

तू परीक्षेला बसायचंच आहेस, गोरक्ष. काहीही झालं तरी. मला एवढं वचन दे.

सगुणा


नाशिक
२ फेब्रुवारी १९८६

सगुणा,

वचन दिलं. हे घे, पुन्हा दिलं.

साडेतीन महिने मी काय झालो होतो ते सांगत नाही, तुला रडगाणं चालत नाही. पण तुझं पत्र पंधरा वेळा वाचलं. तू नाही म्हटलं नाहीस. 'काहीही झालं तरी' असं म्हटलंस, म्हणजे घरी तुझं काहीतरी बोलणं झालंय, विरोध झालाय. दोनदा गावी बोलावलं ते त्यासाठीच ना? नाशकावरून गेलीस आणि भेटली नाहीस, त्याचाही राग आता गेला. आणि या वेळी खाली नुसतं 'सगुणा'. आडनाव नाही. मला समजलं. मी काही इतका मठ्ठ नाही.

समान नाव शोधायचा नियम लिहिला. आईने विचारलं, "हे इतके कंस कशाला रे? चंद्रकोरी काढल्यासारख्या?" मी तिला समजावलं, तर म्हणाली, "म्हणजे घरात शिरायचं, आतल्या खोलीत शिरायचं, तिच्या आतल्या खोलीत शिरायचं, आणि येताना एकेक दार लावत यायचं." माझ्यापेक्षा लवकर कळलं तिला.

दोनशे नावं गोळा करतोय. वहीतली सव्वाशे झाली. आमच्या बाबांची बाजू वहीत अर्धीच आहे, ती मालेगावच्या भागीआत्याच्या डोक्यात आहे. तिच्याकडे एकदा जाऊन बसावं लागेल.

तुझाच
गोरक्ष


मुंबई
३ एप्रिल १९८६

गोरक्ष,

फॉर्म सोबत आहे. रजिस्टर पोस्टानेच पाठव. परीक्षा सोमवारी, ९ जूनला, सकाळी दहाला.

तुझा प्रोग्रॅम काल एकशे अडतीस नावांवर चालला. एकही कंस मी घातला नाही, एकही काढला नाही. पानावरून जसाच्या तसा टाइप केला आणि तो पहिल्या फटक्यात चालला. ऑपरेटर मला म्हणाले, "बाळ मोठं झालं." मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

तुला एक सांगायचं आहे. परीक्षा झाल्यावर सांगते. आत्ता सांगितलं तर तू काय करशील ते मला माहीत आहे. तू जर्नल आपटून वर्गाबाहेर गेलास तेव्हा मी का हसले नव्हते, हे तुला कधी कळलंच नाही. मला तेव्हा भीती वाटली होती. अजून वाटते.

उरलेली नावं मेअखेर पाठव.

सगुणा


पंचवटी, नाशिक
२१ मे १९८६

सगुणा,

हे गुरुजींच्या खोलीतून लिहितोय. ते खाली गंगेवर गेलेत. खोलीत मी आणि वह्या.

फॉर्म परवा पाठवला, रजिस्टर पोस्टाने. पावती खिशात आहे. परवा पाठवला म्हणून गेला, नाहीतर आज त्याचे तुकडे झाले असते. सकाळी दहाला पोस्टात धावत गेलो, म्हटलं ते पाकीट परत द्या. खिडकीतली बाई म्हणाली, "गेलं की हो मुंबईला. काय चुकलं का त्यात?" मी म्हटलं, नाही, कंससुद्धा बरोबर होते. तिने पुढच्याला बोलावलं.

सकाळी गुरुजींनी कच्च्या चिठ्ठ्या पुढ्यात टाकल्या. चैत्रातल्या, चढवायच्या राहिलेल्या. त्यात सिन्नरच्या गोळेसर आडनावाच्या घराण्याची एक होती. म्हातारे वारले, त्यांच्या दशक्रियेला सगळं घर आलं होतं. मी ओळीने वाचत गेलो. मुलगा काळू, पत्नी सुलाबाई. नातू भास्कर, पत्नी सगुणा, माहेर थेटे, चांदोरी.

मी मनाशी म्हटलं, सगुणा नावाच्या पुष्कळ असतील. चांदोरीत थेटेही पुष्कळ.

गुरुजी म्हणाले, "ती नवी सून हुशार आहे बरं. मार्गशीर्षात लग्न झालं. मुंबईला मशीनवर काम करते, तुझ्यासारखंच वेड. विधी झाला तशी वर आली, इथेच बसली, तुझ्या चटईवर. नवी वही चाळली. मी म्हटलं, आमच्या पोराचं अक्षर आहे. तर म्हणाली, माहीत आहे. मग चिठ्ठी वाचायला मागितली आणि म्हणाली, गुरुजी, माहेरचं नाव आणि गाव नीट घाला, उतरवणाऱ्याला शंका राहायला नको. मी म्हटलं, थांब, येईल तो. तर म्हणाली, नको, त्याला काम करू दे."

"मी कुठे होतो त्या दिवशी?"

"तू नाही का मालेगावला गेलास आत्याकडे. नावं आणायला."

सगुणा, मी तुझ्यासाठीच्या प्रोग्रॅमला नावं आणायला गेलो होतो आणि तू माझ्या चटईवर बसली होतीस.

पत्रात नाही सांगितलंस. परीक्षेपर्यंत थांबणार होतीस. मग इथे वर आलीस आणि तुला ठाऊक होतं की ही चिठ्ठी कधीतरी माझ्याच हातात येणार. आधी येईल की नंतर, ते तू चिठ्ठ्यांच्या ढिगावर सोडलंस. की तुझ्याही हातात काही नव्हतं? तो हिशेब खात्यातला चांदोरीकर, तो टाळ्या पडलेला कागद... दिवाळीत तुला घरी बोलावलं ते त्यामुळेच ना? माझ्याच एका ओळीमुळे तुझं लग्न घाईने उरकलं का? विचारतोय, पण उत्तर लिहू नकोस. हो आलं तरी मी काय करणार आहे, आणि नाही आलं तरी काय?

मला वाटलं होतं मी आज काहीतरी फोडीन. दौत उचललीही होती. समोर दीडशे वर्षांच्या वह्या होत्या. खाली ठेवली.

मग म्हटलं, ही ओळ चढवतच नाही. भास्कर लिहीन आणि पुढे जाईन. कोण बघतंय? चिठ्ठी फाडली की झालं. चिठ्ठी फाडायला दोन्ही हातांत धरली. खालून भाजीवाल्यांचा ओरडा येत होता. मग त्या शंभर वर्षांनी येणाऱ्या माणसाचा विचार आला. तुझा असेल तो. दारात उभा राहील, चपला हातात घेऊन, आणि विचारील. त्या बिचाऱ्याने माझं काय वाकडं केलंय?

लिहिलं. माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात. सगुणा, माहेर थेटे, चांदोरी. आधी तू कुठल्याच पानावर नव्हतीस, आता आहेस. ते पान मीच लिहिलं. शाई वाळेपर्यंत बसून राहिलो, मग हे पत्र लिहायला घेतलं.

उरलेली नावं सोबत आहेत, मालेगावची चौऱ्याहत्तर. एकूण दोनशे बारा. कंस तीनदा मोजले. गोळेसरांचं घराणं नमुन्यात घेतलेलं नाही. मशीनला माझ्या-तुझ्यातलं नातं विचारलं तर ते काय देईल ते मला न चालवताच येतं.

वचन दिलंय म्हणून ९ जूनला येतो. तू एवढंच कर, त्या दिवशी रजा घे. मला समोर बसून परीक्षा द्यायची आहे, आणि तू त्या इमारतीत असलीस तर मला एक ओळही सुचणार नाही.

गुरुजी जिन्यात खाकरतायत. आले की माझ्या तोंडाकडे बघतील आणि काहीतरी विचारतील. मागच्या जिन्याने जातो. वही फडक्यात बांधून फडताळात ठेवली. दौतीला बूच लावलं. चटई गुंडाळली. पत्र खिशात घातलं की बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

गोरक्ष